विमानाची काळजी दीड तासाची, दिवाळीची आठ दिवसांची

प्रश्न असा आला आहे: "आम्ही कोथरूडला राहतो, माझं माहेर नागपूरचं. दिवाळीत मुलगी साडेतेवीस महिन्यांची असेल. तिचा दुसरा वाढदिवस नागपूरलाच करून मग परत येणार. नवऱ्याला सुट्टी नाही, तो भाऊबीजेला पोहोचेल. म्हणजे जाताना मी आणि ती, दोघीच. तिचा हा पहिलाच विमानप्रवास. पाळणाघरात जाते, त्यामुळे नाक कायम वाहतं. सासूबाई म्हणतात, कान फुटतील. शेजारच्या काकू म्हणतात, निघताना सर्दीचं सिरप एक चमचा पाजा, गपगार झोपते. काय करू?"

शेजारच्या काकूंपासून सुरुवात करते. बाकीचं थोडं थांबलं तरी चालेल. ते सिरप देऊ नका. पाव चमचासुद्धा नाही. पुण्यात मुलं तपासायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली, आणि दर दिवाळीआधी कुणीतरी आई दाराकडे एकदा बघून, आवाज खाली आणून हेच विचारते. सर्दीच्या सिरपमध्ये गुंगी आणणारा भाग असतो तो जुन्या पिढीतल्या ॲलर्जीच्या औषधाचा. काही मुलं त्याने झोपतात. काहींना ते उलटं चढतं: मूल किंचाळतं, ओरबाडतं, डोळ्यांवर झोप असून झोपत नाही. तुमची मुलगी कुठल्या गटातली, हे तीस हजार फुटांवर कळून उपयोग नाही. पण माझा विरोध त्यासाठी नाही. याच कुळातलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा अमेरिकेत त्या औषधावर ठळक चौकटीत छापावा लागला, कारण श्वास मंदावून मुलं दगावली. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं छापायला सांगितलं. बहुतेक घरांतल्या 'सर्दीच्या बाटलीत' हेच मिश्रण असतं. आणि २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं गेली ती खोकल्याच्या औषधात निघालेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनामुळे. त्यातली बरीच मुलं उपचारांसाठी तुमच्या नागपुरातच आणली होती. माहेरी विचारा, सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही बजावलं की दोन वर्षांखाली सर्दीखोकल्याची औषधं लिहूच नयेत आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे टाळावीत.

काकूंना सांगा, डॉक्टरीणबाईंनी मनाई केली आहे. वाईटपणा माझ्याकडे.

आता सासूबाई. कान फुटत नाहीत, पण त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीत. खंबाटकी घाट उतरताना आपल्या कानांना दडे बसतात, तोच प्रकार. पडद्याच्या आत हवेची एक छोटी पोकळी असते आणि तिथून एक बारीक नळी घशाच्या मागच्या बाजूला उघडते. विमान उंच उडत असलं तरी आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. महाबळेश्वर साडेचार हजार फूट, कळसूबाई पाच हजार चारशे. म्हणजे आत बसलेले तुम्ही कळसूबाईच्याही वर आहात असं समजा. वर जाताना कानातली जादा हवा त्या नळीतून आपोआप बाहेर पडते, सहसा काही त्रास होत नाही. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, हवा आत शिरायला हवी, आणि तेव्हाच ती नळी ओल्या फुग्याच्या तोंडासारखी चिकटते. लहान मुलांत नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे त्यांना जास्त दुखतं. ती उघडायचा सोपा मार्ग म्हणजे गिळणं.

इथे बहुतेक नवे आईबाप एकच चूक करतात. विमान धावपट्टीवर धावायला लागलं की घाबरून दुधाची बाटली तोंडात देतात, मूल पिऊन तृप्त होतं, झोपतं. आणि खरी गरज लागते तेव्हा पोट भरलेलं, बाटली रिकामी. तुम्ही उलटं करा. निघताना दोन घोट पुरे. मुख्य ऐवज राखून ठेवायचा तो उतरण्यासाठी. पुणे-नागपूर सव्वा ते दीड तासाचं उड्डाण. उतरायला सुरुवात होते ती जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. इंजिनाचा आवाज बदलतो, कानांना तुम्हालाच आधी जाणवतं, आणि थोड्या वेळाने पट्टे बांधायची सूचना होते. त्या सूचनेची वाट न बघता सुरू करा. अंगावरचं दूध अजून पीत असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. नसेल तर स्ट्रॉचा पेला, त्यात पाणी किंवा ताक, आणि घोट-घोट. एकदम संपवू द्यायचं नाही. मध्ये मऊ दशमीचा तुकडा, केळ्याचा घास. गोळी-चॉकलेट चघळायला देऊ नका, या वयात ते घशात अडकायचीच भीती. आणि रडली तर रडू द्या. रडता रडता ती आवंढे गिळते, त्यानेही कान मोकळे होतात. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी मान वळवून बघितलं तर बघू देत. तेही कधीतरी दोन वर्षांचे होते.

उतरताना ती गाढ झोपली असेल तर? झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून पुष्कळ जण उठवायला सांगतात. माझं मत: नाक मोकळं असेल तर मी उठवत नाही. नाक चोंदलेलं असेल तर हळूच उठवून पाणी पाजते.

कानात कापसाचे बोळे घालून उपयोग नाही, कारण दाबाचं भांडण पडद्याच्या आतल्या बाजूला चाललेलं असतं. कोमट तेल तर मुळीच नको. वाहतं नाक, पण खेळणं-खाणं व्यवस्थित, ताप नाही, अशी सर्दी प्रवासाच्या आड येत नाही; निघायच्या आधी आणि उतरण्याच्या आधी नाकात साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब टाका, एवढंच. ताप असेल, रात्री कान धरून रडत असेल, कानातून पाणी येत असेल किंवा छाती भरून धाप लागत असेल, तर आधी तपासणी. तपासणी निघायच्या एक-दोन दिवस आधीच करा. आठवडाभर आधी बघितलेल्या कानाचा पाळणाघरातल्या मुलीच्या बाबतीत काही भरवसा नाही. फ्लूची लस घ्यायची राहिली असेल तर मात्र आजच बघा: पहिल्यांदा घेताना या वयात चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि संरक्षण यायला पुढे दोन आठवडे. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी येऊन 'लगेच टोचा' म्हणण्यात अर्थ नसतो.

जवळ पॅरासिटामॉल ठेवा, ते झोपेसाठी नाही, दुखण्यासाठी आणि तापासाठी. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम. अकरा किलोच्या मुलीला १२५च्या बाटलीतले (म्हणजे पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम) साडेपाच ते सहा मिली लागतील आणि २५०च्या बाटलीतले त्याच्या निम्मे. पुण्यातल्या घरी एक बाटली, आजोळी दुसरी, आणि 'नेहमीचे सहा मिली' म्हणून दुप्पट औषध पाजलं गेलं, असे फोन मला दर सुट्टीत येतात. बाटली इथलीच न्या, आणि तिचं आजचं वजन करून घ्या.

तिकिटाचं तुमच्या लक्षात आलं आहे की नाही कुणास ठाऊक, पण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महागात पडणारी ओळ ती वाढदिवसाची आहे. मांडीवरचं बाळ म्हणजे प्रवासाच्या दिवशी दोन वर्षं पूर्ण न झालेलं. बुकिंगच्या दिवशीचं वय कुणी विचारत नाही. जाताना ती मांडीवर बसेल, येताना तिला स्वतःची सीट आणि स्वतःचं तिकीट लागेल. दोन्ही बाजूंचं एकत्र बुकिंग करताना 'बाळ' म्हणून टाकलं आणि परतीला काउंटरवर जन्मदाखला दाखवला की ऐन गर्दीच्या दिवसात त्या दिवसाच्या भावाने तिकीट घ्यावं लागतं. जाण्याचं आणि येण्याचं बुकिंग वेगवेगळं करा. जन्मदाखला आणि निळं बाल आधार, दोन्ही जवळ असू द्या. मांडीवरच्या बाळासाठी घरबसल्या चेक-इन करता येत नाही असं पुष्कळदा होतं, काउंटरवर वय दाखवावंच लागतं, तेवढा वेळ धरून चला.

वेळ कुठली निवडायची? स्वस्त म्हणून पहाटे पाचचं विमान घेऊ नका. त्यासाठी तिला अडीचला उठवायचं, झोपेतून उचलायचं, आणि मग तिच्याकडून शहाणपणाची अपेक्षा करायची, हा अन्याय आहे. शिवाय त्या वेळी वनाझची मेट्रोही सुरू झालेली नसते. सकाळी साडेनऊ-दहाच्या आसपासचं विमान उत्तम: शी-आंघोळ-नाश्ता उरकलेला, दुपारची झोप अजून लांब किंवा अगदी उतरल्यावर. संध्याकाळचं टाळा. संध्याकाळी मुलं किरकिरतात आणि दिवसभराचे उशीर साठत साठत संध्याकाळच्याच विमानांवर येऊन आदळतात. रेल्वेचा विचार केला असेल तर वंदे भारत नागपूरच्या अजनी स्थानकापर्यंत सुमारे बारा तास घेते, तेही बसून. त्यापेक्षा रात्रीच्या गाडीचा बर्थ परवडला. पण एकटीने, दोन वर्षांची मुलगी घेऊन, विमानच बरं.

कोथरूडहून लोहगाव दिवाळीच्या आठवड्यात किती वेळ घेईल हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. सामान कमी असेल आणि कुणी सोडायला येत असेल तर वनाझहून रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा, हा मला तरी मनःशांतीचा रस्ता वाटतो. मुलीला गाडी बघायला मिळते, सिग्नलवर अडकणं नाही. नवं टर्मिनल जुलै २०२४ पासून सुरू झालं, जुन्या इमारतीच्या मानाने तिथे मूल मोकळं सोडायला पुष्कळ जागा आहे. सोडाच. चढण्याआधीचा अर्धा तास तिला चालवा, पळवा, काचेतून विमानं दाखवा. फोटो मात्र काढत बसू नका. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तिथे धावपट्टीच्या बाजूला कॅमेरा रोखलेला चालत नाही.

सुरक्षा तपासणीला महिलांची रांग वेगळी. बाळ बांधायचा पट्टा असेल तर तो सोडून स्कॅनरमधून द्यायला लावतात, म्हणून एकटीने जाताना पिशवी एकच, पाठीवरची. हातात फक्त मूल. घडी होणारी हलकी बाबागाडी न्यायची असेल तर ती विमानाच्या दारापर्यंत नेता येते का हे काउंटरवर विचारून घ्या. मुलीचं दूध, शिजवलेलं अन्न, औषध यांना आडकाठी नसते, मागितलं तर उघडून दाखवायचं. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, मोठ्या बॅगेत चालत नाही. आणि फटाके, अगदी फुलबाज्या आणि टिकल्यासुद्धा, कुठल्याच बॅगेत नाहीत. भाच्यांसाठी म्हणून कुणीतरी दरवर्षी घालतं आणि दरवर्षी सगळी बॅग उचकली जाते.

डायपर, कपड्यांचा एक जोड, तुमचाही एक कुडता, आणि चार तास पुरेल एवढं खाणं हातातल्या पिशवीत असू द्या. हे मी शहाणपणाने सांगत नाही, शिक्षा भोगून सांगते. माझी मुलगी चौदा महिन्यांची असताना दिल्लीला निघालो होतो. दोन तासांचं तर विमान, म्हणून डायपरचं पुडकं मी मोठ्या बॅगेत टाकलं आणि ती बॅग आत गेली. विमान चार तास उशिरा. पुढचं सविस्तर लिहीत नाही. एवढंच सांगते की माझ्या ओढणीचं त्या दिवशी डायपर झालं आणि मी स्वतः बालरोगतज्ज्ञ होते.

खाण्याला दशम्यांना पर्याय नाही. दुधात भिजवलेल्या, गूळ घातलेल्या, तुपाचा हात लावलेल्या. आपल्या आज्यांनी एसटीच्या प्रवासासाठी शोधलेलं हे अन्न विमानातही तितकंच चालतं. सांडत नाही, वास येत नाही, मुलं आपल्या हाताने खातात. खेळणी नवी विकत आणू नका. चिकटपट्टीचं एक रिंग, थोडे स्टिकर, झाकणाचा स्टीलचा छोटा डबा आणि त्यात घालायला-काढायला चार मोठ्या बांगड्या. एकेक वस्तू पंधरा मिनिटांनी काढायची. सगळं एकदम ओतलं की दहा मिनिटांत खजिना संपतो. आणि हो, मोबाइल. एरवी मी दोन वर्षांखाली स्क्रीन नको म्हणून कंठशोष करते. त्या दीड तासासाठी मी पोलीस होणार नाही. गाणी आधी उतरवून ठेवा, आणि शेवटचं अस्त्र म्हणून वापरा, पहिलं म्हणून नाही.

विमानात तुमच्या पट्ट्याला जोडायचा छोटा पट्टा बाळासाठी मिळतो, दिला नाही तर मागून घ्या. तिला मांडीवर घेऊन एकाच पट्ट्यात दोघींना गुंडाळायचं नाही. धक्का बसला तर तुमचं सगळं वजन तिच्यावर येतं.

एवढं झालं की तुम्ही नागपूरला उतरलात. आणि माझ्या दृष्टीने खरा प्रवास आत्ता सुरू झाला. या प्रवासात आया विमानाची काळजी करतात आणि दिवाळीच्या घरात निर्धास्त होतात. माझ्याकडे येणारी मुलं मात्र विमानातून येत नाहीत. ती चिवड्याच्या डब्यापासून, आजोबांच्या उशाशी ठेवलेल्या गोळ्यांपासून आणि फुलबाजीच्या तारेवरून येतात.

चिवड्याचं आधी. शेंगदाणे, डाळं, काजू हे या वयात घशात न जाता श्वासनळीत जातात. पुढचे दात आलेले असतात, दाढा पुरेशा नसतात. मूल दाणा तोडतं पण दळू शकत नाही. त्यात ते पळतंय, मामा गुदगुल्या करतोय, ते हसतंय. ठसका लागतो, लाल होतं, दोन मिनिटांत शांत होतं आणि सगळे हुश्श म्हणतात. दाणा मात्र आत बसलेला असतो. मग आठवड्याने खोकला, घरघर, 'दम्याचं' औषध, महिनाभर वाफा. दिवाळीनंतर असं मूल आलं की माझा पहिला प्रश्न 'ॲलर्जी आहे का' हा नसतो, 'चिवडा खाल्ला होता का' हा असतो. दुर्बीण घालून दाणा काढावा लागलेली मुलं मी दर वर्षी पाठवते. चार वर्षांपर्यंत अख्खे दाणे नकोत. तिला चकलीचा मऊ तुकडा द्या, बेसनाचा लाडू कुस्करून द्या, शंकरपाळं भिजवून द्या. चिवड्याचा डबा तिच्या उंचीवर ठेवायचा नाही, आणि तिला बसवून खायला घालायचं, पळताना नाही. खरोखर अडकलं, आवाज निघेना, श्वास घेता येईना, तर तिला पुढे वाकवून पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा, नाहीच निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके आत आणि वर, पुन्हा थापा. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, दाणा आणखी खाली जातो. खोकत असेल तर मात्र खोकू द्या, ती स्वतःचं काम करते आहे.

गोळ्या. आजी-आजोबांच्या घरात मूल रोजचं राहात नाही, त्यामुळे ते घर मुलासाठी बांधलेलं नसतं. मधुमेहाच्या गोळ्यांची एक जात अशी आहे की एकच गोळी या वयाच्या मुलाची साखर धोकादायक खाली नेऊ शकते, तीही काही तासांनी. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. घरात पाय ठेवल्यावर चहा घ्यायच्या आधी गोळ्यांचा डबा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून द्या. आजोबांना राग येणार नाही, नातीसाठी म्हटलं की काहीही चालतं. दिवाळीची साफसफाई नुकतीच झालेली असते, तेव्हा कपाटातल्या डांबरगोळ्या, शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं फिनेल किंवा रॉकेल, कोपऱ्यातलं उंदराचं औषध हेही बघून घ्या. असलं काही पोटात गेलं तर मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. बाटली किंवा पाकीट हातात घेऊन थेट दवाखान्यात.

आणि एक नवी गोष्ट, जी आपल्या लहानपणी नव्हती: बॅटरीवर चालणाऱ्या पणत्या. तळाशी नाण्यासारखी चपटी बॅटरी असते आणि झाकण पुष्कळदा नखानेही उघडतं. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. 'नाणं गिळलं असेल, शीतून पडेल' म्हणून थांबू नका. शंका आली तरी लगेच एक्स-रे. मला विचाराल तर मातीची पणती, उंचावर ठेवलेली, त्या प्लास्टिकच्या पणतीपेक्षा बरी.

फटाके. दोन वर्षांच्या मुलीच्या हातात फुलबाजी देऊन फोटो काढायचा मोह होईल, मामाला जास्तच होईल. जळत्या फुलबाजीचं तापमान हजार अंशांच्या वर असतं, आणि विझलेली तारही कितीतरी वेळ तापलेली राहते. अंधारात अनवाणी पाय नेमका तिच्यावर पडतो. बादलीभर पाणी जवळ ठेवून प्रत्येक तार त्यात टाकायची. सुती कपडे, नायलॉनचा घेर नको. सापाच्या गोळ्या निरुपद्रवी वाटतात, आवाज नाही, ठिणगी नाही. पण पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या अभ्यासात, फटाक्यांचे प्रकार तपासले तेव्हा, बारीक धूलिकणांचा सगळ्यात मोठा लोट त्या गोळीतून निघाला होता. आणि मूल ती खाली वाकून, नाक जवळ नेऊन बघतं. तिने गच्चीवरून किंवा खिडकीतून रोषणाई बघितली तरी तिची दिवाळी पुरी होते. भाजलंच तर नळाखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई तर नाहीच नाही.

अभ्यंगस्नानात बादलीत आधी गार पाणी, मग गरम. पहाटेच्या गडबडीत हा क्रम उलटा होतो आणि मूल हात घालतं. तेल अंगाला भरपूर, कानानाकात थेंबही नाही. उटणं तिच्या चेहऱ्याला नको. आणि चारला उठवायचा अट्टहास नको. सातला न्हाली म्हणून नरकासुर परत येत नाही.

शेवटी माणसं. दारात बारा माणसं ओवाळायला उभी असतील आणि प्रत्येकाला ती आधी कडेवर हवी असेल. या वयात अनोळखी चेहऱ्याला घाबरणं म्हणजे वाढ व्यवस्थित चालल्याची खूण आहे, उद्धटपणा नाही. आजपासून रोज दहा मिनिटं व्हिडिओ कॉल लावा, आजोबांना तिच्या आवडीचं एकच गाणं रोज म्हणायला सांगा. तोच आवाज दारात ऐकला की निम्मं काम झालं. पहिला तास ती तुमच्या कडेवरच राहील हे आईला आधीच फोनवर सांगून ठेवा. सर्दी-खोकला असलेल्यांनी मुके घेऊ नयेत हे मात्र तुमच्या तोंडून रागावल्यासारखं निघेल, तेही माझ्या नावावर खपवा. माझ्यामागे पुण्यात 'डॉक्टरीणबाई फार कडक आहेत' असं आधीच म्हटलं जातं, त्यात नागपूरची भर.

परतीला तिला स्वतःची सीट असेल, नवरा बरोबर असेल, आणि तुम्हाला काही करावं लागणार नाही, फक्त आईने भरलेली बॅग एकदा उघडून बघा. संत्री, फराळ, आंब्याचं लोणचं, कडक बांधलेली तुपाची बरणी, आणि तळाशी, तुमच्या नकळत, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. तेल असतं म्हणून सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत. ते तिथेच किसून करंज्यांत घालायला सांगा.